सदतीस नंबरला हात लावू नये

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे आणि आरशाची तर मुळीच नव्हे. टेलिफोन कचेरीच्या थंडगार खोलीत गावभरच्या काचेच्या तारा येतात आणि एकमेकींना जोडल्या जातात, त्या जिच्या पोटात जोडल्या जातात ती लोखंडी चौकट. माणसाएवढी उंच, रंगानं राखाडी. पोटात एकशे चव्वेचाळीस पोर्ट, म्हणजे बारीक भोकं. तारेचं टोक त्यात टक्‌ आवाज करून बसतं. कुणी मला फ्रेम म्हणायचं, कुणी नुसतं 'ती राखाडी'. नाव असं काही मिळालं नाही आणि नावावाचून माझं अडलंही नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. भोकं पाडणाऱ्या कारागिराला सुटीवर जायची घाई होती, म्हणून माझा शेवटचा पोर्ट अर्धं सूत तिरका पडला. तो आयुष्यभर रिकामाच राहिला. पुढे ट्रकमधून उतरवताना मी हमालांच्या हातून निसटले आणि डाव्या कोपऱ्याला पोचा आला. म्हणजे कामावर रुजू व्हायच्या आधीच मी अधू. पण काम असं केलं म्हणता, की त्या पोच्याकडे पुन्हा कुणी बघितलं नाही. याचं श्रेय मात्र माझं नाही, मामांचं.

मामा म्हणजे तारा जोडणारे कारागीर. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. आपल्याला सख्खा भाचा एकही नाही, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. ते माझ्याशी बोलायचे. त्या खोलीत दुसरं होतं कोण? पंख्यांची घरघर आणि आम्ही दोघं.

मित्रांनो, काचेची तार केसाएवढी बारीक असते आणि तिच्यातून उजेड धावतो. त्या उजेडावर बसून तुमचं बोलणं, चित्रं, पत्रं जातात. तो तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच टोकाला डोळा लावून बघायचं नसतं, डोळा जातो. मला मात्र तो जाणवतो. तार वाकवलेली चालते, पण वळण फार तंग झालं की उजेड वळणावरच सांडतो. म्हणून मामांच्या हत्यारांच्या पिशवीत कान तुटलेला एक कप असायचा. प्रत्येक वळणावर ते कप धरून बघत. कपाच्या काठापेक्षा तंग वळण दिसलं की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. टोक जोडायच्या आधी पुसायचं, कॉर्डी, म्हणजे एका पोर्टातून दुसऱ्यात जाणाऱ्या आखूड तारा, मऊ पट्टीनं सैल बांधायच्या, रिकाम्या पोर्टवर धूळ जाऊ नये म्हणून टोपी घालायची. साहेब घड्याळाकडे बघायचे तेव्हा मामा म्हणत, "काचेवर जोर करून चालत नाही साहेब, तिची समजूत काढावी लागते."

आणि प्रत्येक कॉर्डवर चिठ्ठी. कुठून आली, कुठे चालली, कशासाठी. अक्षर मोत्यासारखं. एकदा मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि माझं दार उघडून म्हणाले, याला म्हणतात काम. माझा फोटो काढला. तो कचेरीच्या भिंतीवर लागला. फोटोत उजव्या कडेला एक कोपर दिसतं. ते मामांचं.

माझ्या भरलेल्या पोर्टमधून उजेड अखंड वाहायचा, बाजारासारखा. एक सदतीस नंबर तेवढा वेगळा होता. पाणी कचेरीनं नदीच्या वरच्या पुलावर पाण्याची उंची मोजायचं यंत्र बसवलं होतं. तिथं वीज नव्हती, उन्हावर भरणारी एक बॅटरी होती. ती पुरावी म्हणून ते यंत्र सदा झोपलेलं असे. दर तासाच्या ठोक्याला जागं व्हायचं, अर्धं मिनिट बोलायचं आणि पुन्हा झोपायचं. त्याचा उजेड माझ्या सदतिसात यायचा आणि पिवळ्या कॉर्डीवरून एकशे बारामध्ये जाऊन पाणी कचेरीत पोचायचा. तिथं बसणाऱ्या बाई आकडा बघत आणि पाणी खुणेच्या वर गेलं की नदीकाठच्या वस्तीचा भोंगा वाजवत.

ही जोडणी महिनाभर बघू म्हणून तात्पुरती केली होती, त्यामुळे रजिस्टरात चढलीच नाही. तात्पुरतं म्हणून केलेलं काम सगळ्यात जास्त टिकतं, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. पण मामांनी चिठ्ठी लावली होती: 'सदतीस ते एकशे बारा. वरचा पूल ते पाणी कचेरी. तासातून एकदाच बोलते. मेली समजू नये.'

खरं सांगते, मला तो सदतीस सगळ्यांत प्रिय होता. बाकीचे बडबडे. हा तासभर गप्प राहून एकच कामाची गोष्ट सांगून जाणारा.

मामा दुपारी एक वाजता माझ्यासमोर डबा उघडायचे आणि मामींना फोन लावायचे. "जेवलीस का?" मग थोडं थांबून, "बरं." एवढंच. रोज. मग मामी आजारी पडल्या, आणि एक दिवस गेल्या. मामा पुन्हा कामावर आले तेव्हा एक वाजता त्यांनी सवयीनं फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि खिशात ठेवला. डबा तसाच बंद करून घरी नेला. मुलगा लांबच्या शहरात. तो फोन करायचा तो कसले कागद कुठे ठेवलेत ते विचारायला. मामा मला म्हणायचे, लोकांना काम पडलं की आपली आठवण येते, यात वाईट काय आहे, काम पडत राहावं म्हणजे झालं. मी लोखंडाची, पण तेव्हा मलाही कसंसंच झालं.

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. वरच्या मजल्यावर भाषणं झाली. मामांना भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. माणसाला वेळ घालवायची चिंता पडलेली असताना घड्याळ कशाला देतात, देव जाणे. ते घड्याळ काखेत मारून मामा शेवटचे माझ्याकडे आले. सगळ्या चिठ्ठ्यांवरून हात फिरवला. सदतिसाशी थांबले. बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग नखानं ती चिठ्ठी हळूच सोडवली आणि चुरगाळून खिशात टाकली. नवी लिहिली: 'सदतीस नंबरला हात लावू नये. मामांना विचारा.' खाली स्वतःचा फोन नंबर.

मग माझ्या दाराला टेकून ते हळूच म्हणाले, "कारण लिहून ठेवलं तर मला फोन कोण करणार गं?"

मित्रांनो, ही गोष्ट चुकीची होती. मला तेव्हाही ती चुकीची वाटली होती. पण मी बोलू शकत नाही, आणि बोलू शकले असते तरी त्या क्षणी बोलले असते का, हे मला आजही ठरवता येत नाही.

मामा गेले आणि माझे हाल सुरू झाले. नवे लोक घाईचे. कॉर्ड लांब पडली की कोंबायची, आखूड पडली की ताणायची. पुसणं गेलं, टोप्या हरवल्या. गुंता एवढा झाला की माझं दार लागेना. वळणावळणावर उजेड सांडायला लागला आणि वर बोलणी मी खायची, ही राखाडी आता जुनी झाली म्हणून. फोटोही भिंतीवरून उतरला. सदतिसाला मात्र कुणी हात लावत नव्हतं. चिठ्ठीची जरब होती म्हणा, किंवा आळस म्हणा. आणि मामांना विचारायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. खोलीतला फोन वाजला की मला वाटायचं, आता कुणीतरी सदतिसाचा विषय काढेल. दोन वर्षं झाली. गरज सरो, वैद्य मरो.

मग समोर नवी चौकट आली. काळी, गुळगुळीत, काचेच्या दाराची. कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर आल्या. त्यांना मोठा चष्मा होता, म्हणून मी मनात त्यांना चष्मेवाल्या म्हणायचे. माझ्या सगळ्या जोडण्या काळीकडे न्यायच्या, असं त्यांना सांगितलं होतं. रोज दहा-बारा कॉर्डी काढायच्या, टोकं पुसायची, पलीकडे लावायची, रजिस्टरात खूण करायची. मुलगी कामाला चोख होती, खोटं कशाला बोलू? मामांनंतर टोक पुसणारा हात मला पहिल्यांदाच लागला, आणि तोही मला रिकामं करायला.

रिकामं होणं म्हणजे काय ते सांगू? कॉर्ड टक्‌कन निघते, भोकावर टोपी बसते, आणि त्या जागी सगळं शांत होतं. आज शाळा गेली, उद्या दवाखाना, परवा अख्खी बाजारपेठ. पंखे घरघरत राहतात, पण ते आता समोरच्या काळीसाठी. शेवटी माझ्यात एकच पिवळी कॉर्ड उरली, सदतीस ते एकशे बारा. तासभर अंधार, मग अर्धं मिनिट उजेड. तेवढ्यासाठी मी तास मोजायचे.

त्या दिवशी अकराचा उजेड येऊन गेला आणि दहा-पंधरा मिनिटांनी साहेब आत आले. माझी जागा संध्याकाळपर्यंत मोकळी हवी होती. चष्मेवाल्यांनी त्यांना चिठ्ठी दाखवली आणि हे रजिस्टरात नाही असं सांगितलं. साहेब हसले. कुठले मामा, दोन वर्षं झाली त्यांना जाऊन, म्हातारा आहे की नाही कोण जाणे, मीटर लाव आणि बघ, असं म्हणून ते निघून गेले. चष्मेवाल्यांनी कॉर्ड काढून उजेड मोजायचं मीटर लावलं. वीस सेकंद वाट बघितली. मीटरवर शून्य. दुसऱ्या कुणी पाच सेकंदही धरलं नसतं, म्हणून त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. पण वीस सेकंदांत सदतिसाचं मौन कुणाला कळणार?

त्यांनी कॉर्ड ढिगात टाकली. ढीग सगळाच पिवळा. दोन्ही भोकांवर टोप्या घातल्या. चिठ्ठी मात्र त्यांना फाडवेना. इकडेतिकडे बघून त्यांनी ती माझ्या दारावर चिकटवली.

बारा वाजले. सदतिसात उजेड आला, टोपीवर आपटला आणि विझला. एक वाजता पुन्हा. दोन वाजता पुन्हा. वरच्या अंगाला धो धो पाऊस कोसळतोय हे मला कुठून ठाऊक? पण यंत्र काहीतरी सांगतंय आणि ते माझ्या पोटात मरतंय, एवढं मला कळत होतं. जीव टांगणीला लागणं काय असतं, ते त्या तीन तासांत मला समजलं.

सव्वादोनला फोन वाजला. पाणी कचेरीतल्या बाई होत्या. आकडा अकरापासून हललेलाच नाही, नदी शांत आहे असं समजून त्या निवांत बसल्या होत्या, पण आता खिडकीतून पाणी गढूळ दिसतंय आणि आकडा तोच, असं होत नाही, असं त्या सांगत होत्या. तुमच्याकडे आज काही हलवलंत का? चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. रजिस्टर उलटंपालटं केलं. पाणी कचेरी कुठेच नाही. मग त्यांची नजर माझ्या दाराकडे गेली.

कॉर्ड परत लावायची तर एक टोक सदतिसात, हे माहीत. पण दुसरं? एकशे त्रेचाळीस भोकं, सगळ्यांवर सारख्या टोप्या. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर फिरवला आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

अर्धी घंटी वाजली न वाजली, तोच उचलला.

"मामा, मी कचेरीतून बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही. सदतीस नंबरबद्दल विचारायचं होतं."

"विचार पोरी," मामा म्हणाले. "मी वाटच बघत होतो."

तो आवाज ऐकून माझ्या पत्र्यातून काहीतरी गेलं. दोन वर्षांनी.

"मी ती काढली, मामा. सकाळी, अकरानंतर. पाणी कचेरीत आकडा तोच आहे आणि नदी गढूळ झालीय."

मग आवाज आला तो वेगळाच, कामाचा. दुसरं टोक एकशे बारा. आधी दोन्ही टोकं पूस, मग लाव. पाणीवाल्या बाईंना सांग, अकराच्या नंतरचा आकडा खोटा आहे, तीनची वाट बघू नका, भोंगा वाजवा. मी निघालोच.

चष्मेवाल्यांनी टोकं पुसून कॉर्ड लावली आणि बाईंना तसं सांगितलं. पण बाईंचेही हात बांधलेले. आकडा खुणेच्या वर गेल्याशिवाय भोंगा वाजवायचा हुकूम नाही, आणि गेल्या वर्षी उगाच वाजला म्हणून त्यांनी बोलणी खाल्ली होती. एक माणूस वस्तीकडे पिटाळते, एवढं त्या म्हणाल्या.

तीनला दहा कमी असताना मामा आले. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक घर चुकलेली. हातात ती पिशवी. माझ्याकडे एकदा बघितलं, रिकाम्या पोर्टांच्या ओळींवरून नजर फिरवली, आणि थेट सदतिसाशी आले. कॉर्ड नीट बसली होती. वळणावर कप धरून बघितला. मग दोघं घड्याळाकडे बघत उभे राहिले. यंत्र झोपलेलं, त्याला उठवायची सोय नाही. मामांचा हात माझ्या दारावर होता.

तीन वाजले. उजेड आला. सदतिसातून शिरला, कॉर्डीवरून एकशे बारात गेला. कित्येक वर्षांत तो मला एवढा लखलखीत वाटला नव्हता.

टेबलावर चालू ठेवलेल्या फोनमधून बाईंचा आवाज आला, "खुणेच्या वर गेलंय. बरंच वर." आणि फोन कट झाला. आमच्या खोलीच्या भिंती जाड, बाहेरचं काही आत येत नाही. पण तो भोंगा आला.

माणसं सगळी वर चढली, हे तासाभरानं कळलं. घरांत पाणी शिरलं. एका शिंप्याचं मशीन गेलं, त्याच्या बापाच्या वेळचं. उचलायला वेळच मिळाला नाही. तीन तास आधी कळलं असतं तर तेही वर आलं असतं.

हे ऐकल्यावर मामा खुर्चीत बसले. चष्मेवाल्या म्हणाल्या, चूक माझी, मी विचारायला हवं होतं. मामांनी मान हलवली.

"तुझी चूक वीस सेकंदांची आहे पोरी. माझी दोन वर्षांची. चिठ्ठीवर कारण होतं. मीच काढलं."

त्यांनी का काढलं ते सांगितलं. फिरवून नाही, सरळ सांगितलं. चष्मेवाल्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

चारचा उजेड येऊन गेला की पाचपर्यंत तास मोकळा मिळणार होता. त्या तासात दोघांनी सदतीस नंबर माझ्यातून सोडवून समोरच्या काळीत नेला. मामांनी टोकं पुसली, चष्मेवाल्यांनी वळण धरलं. मग मामांनी चिठ्ठी लिहायला घेतली. अक्षर पूर्वीसारखं राहिलं नव्हतं, तरी पूर्ण लिहिली. वरचा पूल, पाणी कचेरी, तासातून एकदाच, मेली समजू नये, काढल्यास वस्तीला धोका. रजिस्टरातही चढवली. स्वतःचा फोन नंबर कुठेच घातला नाही. ते लिहीत होते आणि मी बघत होते. आपल्या हातानं ते स्वतःकडे येणारी एकुलती एक वाट बंद करत होते, आणि ते बरोबरच होतं. बरोबर गोष्टीचंही इतकं वाईट वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

पाच वाजता उजेड काळीत गेला. माझ्यात काही आलं नाही.

मामा उठले. कप टेबलावर होता, तो त्यांनी पिशवीत परत टाकला नाही. दाराशी पोचले तेव्हा चष्मेवाल्या म्हणाल्या, "मामा, मी फोन करत जाईन."

"कशाला?" मामा म्हणाले. "कारण लिहिलंय की आता."

आणि गेले.

आता मी तळघरातल्या भांडारात आहे, मोडक्या खुर्च्या आणि रिकाम्या खोक्यांच्या मागे. एकशे चव्वेचाळीस भोकं, एकही तार नाही. भंगार न्यायला आलेले दोघं माझ्यापर्यंत आले होते. पण दारावरची जुनी चिठ्ठी वाचून, 'हात लावू नये' असं लिहिलंय म्हणून सोडून गेले. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू दरवेळी तुमच्याकडे तेलपाण्याचं मागणं घेऊन येतात. मला ते नको. माझी धूळ आहे तिथं राहू दे. दोनच गोष्टी सांगते. चिठ्ठी लिहाल तेव्हा कारणासकट लिहा, आपली गरज राहावी म्हणून काही दडवू नका. आणि दुसरी, कुणावर दडवायची पाळीही येऊ देऊ नका. माझ्या दारावरच्या चिठ्ठीवर तो नंबर अजून आहे, शाई फिकी झालीय पण वाचता येतो. चष्मेवाल्यांनी फोन केला की नाही, ते मला इथं खाली कळत नाही. तुमच्यापैकी कुणी कधी या भांडारात आलं तर तो फिरवा. दुपारी एकच्या सुमाराला. काम असायला हवं असं काही नाही. जेवलात का, एवढं विचारलं तरी पुरे.